जोडलेले हात : एका इमोजीची सांस्कृतिक अर्थमीमांसा

सारांश : प्रस्तुत लेखात जोडलेल्या हातांच्या इमोजीचा उगम, अर्थविस्तार आणि मराठी संभाषणातील त्याचे स्थान यांचा समीक्षात्मक विचार केला आहे. मराठीतील अभिवादनाची परंपरा श्रेणीबद्ध आहे. ही श्रेणी नव्या चिन्हात दिसेनाशी झाली, तरी चिन्हाच्या प्रत्यक्ष वापरात ती पुन्हा अवतरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : इमोजी, अंजली, नमस्कार, मायना, व्यंजना, अभिवादनाची उतरंड

१. प्रस्तावना

भ्रमणध्वनीवरील लेखी संभाषणात अक्षरांच्या जोडीने चित्रचिन्हांचा वापर आता सर्वपरिचित झाला आहे. 'इमोजी' हा शब्द भावनावाचक इंग्रजी शब्दावरून आला असावा, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः तो जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर, या दोन पदांपासून तो सिद्ध झाला असून 'चित्राक्षर' हा त्याचा सरळ अर्थ होय. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने आनंदाश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्याच्या इमोजीची 'वर्षाचा शब्द' म्हणून निवड केली आणि या चिन्हांचा भाषिक दर्जा हा विद्यापीठीय चर्चेचाही विषय झाला.

मराठीत या विषयाकडे बहुधा दोन टोकांवरून पाहिले जाते. चिन्हांमुळे भाषेचा ऱ्हास होत आहे, अशी खंत एका बाजूला; तर साऱ्या जगाला कळणारी नवी लिपी जन्माला आली आहे, असा उत्साह दुसऱ्या बाजूला. दोन्ही भूमिकांत एक उणीव समान आहे. एखादे विशिष्ट चिन्ह एका विशिष्ट भाषेत शिरले म्हणजे त्या भाषेच्या जुन्या व्यवहाराचे नेमके काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जात नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी येथे जोडलेल्या हातांचे चिन्ह निवडले आहे. युनिकोड कन्सॉर्शियमने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक वापराच्या इमोजींच्या यादीत ते पहिल्या दहांत होते. मे २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने संदेशावर थेट प्रतिक्रिया देण्याची सोय सुरू केली, तेव्हा आरंभी उपलब्ध केलेल्या केवळ सहा चिन्हांमध्येही त्याचा समावेश होता. याहून महत्त्वाचे कारण म्हणजे नमस्कार ही कृती मराठी समाजजीवनात कधीच निव्वळ शिष्टाचारापुरती नव्हती. कोणी, कोणाला, कशा प्रकारे नमस्कार करावा, याला सामाजिक स्थानाचा संदर्भ होता. सर्वेक्षणाची आकडेवारी मांडणे हा या लेखाचा हेतू नाही. सर्वांच्या परिचयाच्या वापराचे अर्थदृष्ट्या वाचन करणे एवढीच त्याची मर्यादा आहे.

२. चिन्हाचा प्रवास

इमोजींचा जन्म जपानमधील दूरध्वनी कंपन्यांच्या स्पर्धेतून झाला. १९९७ मध्ये जे-फोन या कंपनीने ९० चिन्हांचा संच आपल्या दूरध्वनी संचात दिला. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हे तयार केली. प्रत्येक चिन्ह १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला. पुढे निरनिराळ्या कंपन्यांची चिन्हे एकमेकांच्या संचांवर नीट उमटावीत म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत शेकडो इमोजींना अधिकृत स्थान मिळाले. जोडलेल्या हातांचे चिन्ह याच आवृत्तीतले आहे.

जपानी जीवनात दोन्ही तळवे जुळवण्याच्या कृतीला 'गाश्शो' म्हणतात. बुद्धवंदना, भोजनापूर्वीची कृतज्ञता, विनंती, क्षमायाचना अशा अनेक प्रसंगी ही कृती केली जाते. तिचे मूळ शोधू गेल्यास आपण भारतीय अंजलिमुद्रेपाशी पोहोचतो. बौद्ध धर्माबरोबर ही मुद्रा चीनमार्गे जपानला गेली. म्हणजे अंजली भारतातून निघाली, जपानी जीवनात स्थिरावली, तेथे तिचे ठिपक्यांचे चित्र झाले आणि एकविसाव्या शतकात ती काचेच्या पडद्यावरून स्वगृही परतली. तथापि परतलेली अंजली गेली होती तशीच नाही, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

या फरकाची खूण चिन्हाच्या नावातच सापडते. युनिकोडमधील त्याचे अधिकृत नाव 'हात जोडलेली व्यक्ती' असे आहे. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, असा युनिकोडचा नियम असल्याने ते आजही कायम आहे. गूगलच्या एका जुन्या रेखाटनात खरोखरच डोळे मिटून हात जोडलेली एक आकृती होती. पुढे मात्र सर्व प्रमुख कंपन्यांच्या रेखाटनांत केवळ हात उरले आणि रूढ नावही 'जोडलेले हात' एवढेच झाले. नावात व्यक्ती राहिली आणि चित्रातून ती निघून गेली. कोठे मनगटाशी बाहीची कड दिसते, एवढीच काय ती तिची आठवण.

३. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना

या चिन्हाच्या अर्थांचा विचार करताना भारतीय काव्यशास्त्रातील तीन शब्दशक्तींची चौकट उपयुक्त ठरते. अभिधेने वाच्यार्थ कळतो. वाच्यार्थ बाधित झाल्यावर त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ लक्षणेने घेतला जातो. या दोन्हींच्या पलीकडचा, प्रसंगाने सुचवलेला अर्थ व्यंजनेने प्रतीत होतो.

पाश्चात्त्य वापरकर्त्यांत या चिन्हाबद्दल जो मतभेद झाला, तो अभिधेच्या पातळीवरचा होता. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्रजी भाषकांत असा वाद रंगला की, हे प्रार्थनेचे हात आहेत की दोन व्यक्तींनी आनंदाने एकमेकांना दिलेली टाळी आहे. ॲपलच्या जुन्या रेखाटनात हातांमागे प्रकाशकिरण दाखवलेले होते. त्यामुळे एका गटाला त्यात प्रार्थनेचे तेज दिसले, तर दुसऱ्याला टाळीचा आघात दिसला. पुढे ते किरण काढून टाकण्यात आले. ज्या समाजात हात जोडणे हे प्रामुख्याने ईश्वरासमोरचे कृत्य आहे, तेथे मित्राच्या संदेशाखाली आलेले हे हात वाचकाला बुचकळ्यात टाकतात आणि तो टाळीचा पर्याय शोधतो.

मराठी वाचकाला वाच्यार्थाबद्दल असा संभ्रम पडत नाही. हे हात एकाच माणसाचे आहेत आणि ते जोडलेले आहेत, याविषयी त्याला शंका नसते. त्याचा शोध लक्षणेपासून सुरू होतो. पडद्यावर हात जोडणे शक्य नसल्याने वाच्यार्थ बाधित होतो आणि प्रसंगानुसार नमस्कार, आभार, विनंती, क्षमा, शुभेच्छा, शोक यांपैकी एक अर्थ घ्यावा लागतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिलेल्या उत्तरात हे चिन्ह आभाराचे असते. निधनाच्या वार्तेखाली तेच 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे होते. 'श्रद्धांजली' या शब्दात अंजली अगोदरच आहे. आपल्या 'ओंजळ' या शब्दाचे मूळही तेच. ज्या चिन्हाला इतरत्र अर्थ शोधावा लागला, त्याला मराठीत राहण्यासाठी तयार घर मिळाले.

खरी गुंतागुंत व्यंजनेची आहे. मराठीत नमस्काराचे शब्द फार पूर्वीपासून उलट्या अर्थानेही वापरले जातात. ज्याच्या वाटेला जायचे नाही, त्याला आपण 'कोपरापासून नमस्कार' करतो. नोकरी सोडणारा 'रामराम ठोकतो'. वाद घालून थकलेला माणूस 'हात जोडले बाबा तुझ्यापुढे' म्हणतो. ही सर्व व्यंग्ये चिन्हाने अनायासे उचलली. एखाद्या लांबलेल्या वादात कोणी केवळ जोडलेले हात पाठवले, तर त्याचा अर्थ 'आपले म्हणणे मान्य' असा क्वचितच असतो. 'आता पुरे' असा तो बहुधा असतो. बोलताना ही छटा सुरावरून, भुवयांवरून, हात किती झटक्याने जोडले यावरून कळते. पडद्यावर सूर नाही आणि भुवयाही नाहीत. त्यामुळे आदर आणि उबग ही दोन टोके एकाच आकृतीत सामावतात आणि निर्णयाचा सगळा भार वाचणाऱ्यावर पडतो.

४. नमस्काराची उतरंड

भरताच्या नाट्यशास्त्रात संयुत हस्तांमध्ये अंजलीचा समावेश आहे. दोन पताक हस्त जुळवले की अंजली होते, असे तेथे सांगितले आहे. एवढ्यावर शास्त्रकार थांबत नाही. देवतांना वंदन करताना अंजली मस्तकाशी, गुरूंना करताना मुखाशी आणि मित्रांना करताना वक्षःस्थळाशी धरावी, असा भेद तो करतो. म्हणजे अंजलीचा अर्थ तळव्यांच्या जुळणीइतकाच तिच्या उंचीत आहे. समोर कोण आहे, हे हात कोठे आहेत यावरून कळते. व्याकरणही हेच सांगते. पाणिनीच्या मते 'नमः' या अव्ययाच्या योगात चतुर्थी विभक्ती येते. ज्याला नमन करायचे, त्याचा निर्देश त्या शब्दाबरोबर व्हावाच लागतो.

इमोजीतील हातांना शरीर नाही. म्हणून त्यांना उंचीही नाही. साष्टांग नमस्कारातील आठ अंगांपैकी एकच अंग येथे उरले आहे. वाकणे नाही, पावले मागे घेणे नाही, नजर खाली घालणेही नाही. देव, गुरू आणि मित्र या तिघांसाठी एकच आकृती, एकाच मापाची. परंपरेच्या अभिमान्याला यात हानी दिसेल आणि ती काही अंशी खरीही आहे. परंतु या उंचीचा इतिहास केवळ नाट्यशास्त्रातला नाही. तो समाजातलाही आहे आणि तेथे तो सुखद नाही.

१७७९ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनार ज्ञातीला 'नमस्कार' हा अभिवादनप्रकार वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लेखनात या आदेशाकडे लक्ष वेधले आहे. एक शब्द उच्चारण्याचा आणि हात जोडण्याचा अधिकार कोणत्या ज्ञातीला असावा, याचा निवाडा शासनाला करावा लागला, यावरून अभिवादन ही किती जपून राखलेली मालमत्ता होती, हे स्पष्ट होते. गावगाड्यात महार समाजाच्या वाट्याला 'जोहार' आला. संत चोखामेळा आणि संत एकनाथ यांच्या 'जोहार' रचनांतून त्या शब्दाने आध्यात्मिक अर्थ धारण केला, तरी त्यामागील सामाजिक अंतर लपत नाही.

या उतरंडीला मराठी भूमीतूनच प्रत्युत्तरे मिळाली. वारीमध्ये वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ज्याने वाकावे आणि ज्याच्यापुढे वाकावे, हा भेद तेथे परस्परवंदनाने मिटवला जातो. विसाव्या शतकात 'जय भीम' हे अभिवादन रूढ झाले. त्याचे श्रेय बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. ज्यांना एके काळी अभिवादनाचा शब्द इतरांनी ठरवून दिला, त्यांनी तो स्वतः निवडला, ही त्यातील मूलगामी गोष्ट होय. आज 'राम कृष्ण हरी', 'जय भीम', 'दंडवत प्रणाम' आणि 'नमस्कार' या चारही शब्दांपुढे जोडलेल्या हातांचे तेच चिन्ह उमटते. हाताला उंची नसल्याने कोणाचेही हात कोणाच्याही खाली राहत नाहीत. ज्या कृतीसाठी एका ज्ञातीला मनाईचा हुकूम सोसावा लागला, ती कृती आता कोणालाही, कोणाच्याही अनुमतीशिवाय करता येते. चिन्हाचा हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही.

५. मायन्याकडून चिन्हाकडे

लेखी व्यवहारात ही श्रेणी पत्राच्या मायन्याने सांभाळली होती. वडिलांस 'तीर्थरूप', वडीलधाऱ्या परक्या व्यक्तीस 'तीर्थस्वरूप', धाकट्यास 'चिरंजीव', हे शालेय पत्रलेखनातही शिकवले जाई. त्यामागोमाग 'शि. सा. न. वि. वि.', 'सा. न. वि. वि.' किंवा 'अनेक उत्तम आशीर्वाद' अशी अभिवादने येत. शिरसाष्टांग, साष्टांग आणि सप्रेम या विशेषणांनी नाट्यशास्त्रातील हाताची उंचीच जणू अक्षरांत उतरवली होती. आद्याक्षरांच्या या संक्षेपांमुळे मायना लवकरच ठरीव झाला, हे मान्य केले पाहिजे. 'शि. सा. न. वि. वि.' लिहिताना कोणी मनोमन दंडवत घालीत असेल, असे म्हणता येणार नाही. त्या अर्थाने तोही एक प्रकारचा इमोजीच होता. भाषेला यांत्रिकतेचा स्पर्श चिन्हांमुळे प्रथमच झाला, ही समजूत येथे टिकत नाही.

तरीही मायना आणि चिन्ह यांत एक महत्त्वाचा भेद उरतो. मायना पत्राच्या आरंभी येई. लिहिणाऱ्याला पहिल्याच ओळीत एक निर्णय घ्यावा लागे : समोरची व्यक्ती माझी कोण? ती ज्येष्ठ आहे, समवयस्क आहे, की कनिष्ठ? हा निर्णय अनेकदा अन्यायकारक असे, पण तो घ्यावाच लागे आणि लिहून द्यावा लागे. जोडलेल्या हातांचे चिन्ह बहुधा शेवटी येते किंवा एकटेच येते. ते पाठवण्यासाठी नाते ठरवावे लागत नाही. एकाच वेळी शंभर जणांच्या गटात ते पाठवता येते आणि त्यातील प्रत्येक जण ते आपल्याला आहे असे समजू शकतो किंवा नाही असेही समजू शकतो. पाणिनीने सांगितलेली चतुर्थी येथे गळून पडली आहे. 'नमः' आहे, 'कोणाला' हे नाही.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' या ग्रंथात काही उच्चार हे वर्णन नसून कृतीच असतात, असे दाखवून दिले. 'नमस्कार' हा असाच कृतिरूप उच्चार आहे. तो उच्चारला की नमस्कार घडतो. कृती घडण्यासाठी मात्र करणारा आणि स्वीकारणारा दोन्ही निश्चित असावे लागतात. चिन्हात दोन्ही संदिग्ध झाल्याने ते कृतीपेक्षा कृतीची पोचपावती होऊ लागते. कोविड साथीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, ही संदिग्धता तीव्रतेने जाणवली. एकीकडे हस्तांदोलन टाळण्यासाठी नमस्कार जगभर स्वीकारला गेला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आणि आयर्लंडचे पंतप्रधान यांनी व्हाइट हाउसमध्ये एकमेकांना हात जोडले. दुसरीकडे अंत्यदर्शनाला जाणे अशक्य झालेल्या असंख्यांसाठी निधनवार्तेखालचे जोडलेले हात हाच शेवटचा निरोप ठरला. त्या चिन्हांना पोकळ म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. त्याच चिन्हांच्या लांबलचक रांगेत कोण खरोखर हळहळला आणि कोणी उपचार उरकला, हे मात्र शोकाकुल कुटुंबाला कळण्याचा मार्ग नव्हता.

६. उतरंडीचे पुनरागमन

चिन्हाला उंची नाही, असे वर म्हटले. परंतु चिन्ह एकटे वावरत नाही. ते कोणी, केव्हा, कोणाच्या उत्तरादाखल पाठवले, यालाही अर्थ असतो. कोणत्याही कार्यालयाच्या, संस्थेच्या वा महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचे निरीक्षण केल्यास एक आकृतिबंध सहज दिसतो. वरिष्ठांची सूचना येते. तिच्याखाली कनिष्ठांचे जोडलेले हात एकामागोमाग एक उमटतात. येथे हातांचा अर्थ 'वाचले, मान्य आहे, विरोध नाही' असा असतो. कनिष्ठाने काही कळवले, तर वरिष्ठांकडून बहुधा उंचावलेला अंगठा येतो. अंगठा अनुमती देतो. जोडलेले हात ती घेतात. वरिष्ठांच्या सूचनेला तात्पुरत्या नेमणुकीवरील सहकाऱ्याने केवळ अंगठ्याने उत्तर दिले, तर ते उद्धटपणाचे वाटण्याचा संभव असतो. उलट वरिष्ठांनी हात जोडले, तर ते नम्रतेचे विशेष दर्शन ठरते.

म्हणजे जी उतरंड पूर्वी एकाच कृतीच्या विविध उंचींत होती, ती आता दोन चिन्हांच्या वाटपात गेली आहे. संख्येतही ती दिसते. एक नमस्कार अपुरा वाटून तीन, चार जोडलेले हात ओळीने पाठवले जातात. शिरसाष्टांगाची जागा पुनरावृत्तीने घेतली आहे. शब्दांची सोबतही हेच काम करते. 'धन्यवाद सर' या शब्दांनंतरचे हात आणि शब्दाविना आलेले हात सारखे वाचले जात नाहीत. मराठी भाषकांनी समतल चिन्हाला आपल्या सवयीप्रमाणे पुन्हा पायऱ्या बसवून घेतल्या आहेत.

या पायऱ्या जुन्या पायऱ्यांपेक्षा अधिक चिंताजनक आहेत काय? एका बाबतीत तरी आहेत. मायन्यातील श्रेणी लेखी आणि उघड होती. म्हणून तिच्यावर टीका करता आली, ती बदलता आली. चिन्हांच्या वाटपातील श्रेणी कोठेही लिहिलेली नाही. 'आम्ही सर्वांना सारखाच नमस्कार करतो' असे म्हणत ती पाळता येते. शिवाय संमती आणि असहमती यांतील भेदही ती पुसून टाकते. एखाद्या निर्णयाखाली पन्नास जोडलेले हात दिसले, तर तो निर्णय सर्वमान्य झाला, असे दिसते. त्यात विनंती किती, नाइलाज किती आणि कोपरापासूनचा नमस्कार किती, हे कोणी मोजत नाही. चर्चेची जागा अभिवादनाने घ्यावी, ही शैक्षणिक संस्थेसाठी तरी शुभलक्षण मानता येणार नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात :

१) जोडलेल्या हातांचे इमोजी हे भारतीय अंजलीचे जपानमार्गे परतलेले रूप असून या प्रवासात त्यातील व्यक्ती, उंची आणि उद्दिष्ट व्यक्तीचा निर्देश लोप पावला आहे.

२) पाश्चात्त्य वापरात या चिन्हाविषयीचा संभ्रम वाच्यार्थाचा होता, मराठी वापरात तो व्यंग्यार्थाचा आहे.

३) अभिवादनातील श्रेणी पुसली जाणे ही निव्वळ हानी नाही. अभिवादनाचा अधिकार नाकारला गेल्याचा इतिहास पाहता त्यात समतेचा अंश निश्चित आहे.

४) ही श्रेणी चिन्हांच्या वाटपातून, संख्येतून आणि सोबतच्या शब्दांतून परत येते. अलिखित असल्यामुळे ती प्रश्नांकित करणे अधिक अवघड होते.

चिन्हावर बहिष्कार घालणे हा यावरील उपाय नव्हे आणि ते शक्यही नाही. भाषेच्या अध्यापकांना येथे एक काम आहे. पत्रलेखनाच्या तासाला मायना शिकवताना त्यातील सामाजिक इतिहास सांगता येईल आणि त्याच तासाला विद्यार्थ्यांना विचारता येईल की, हे हात तुम्ही कोणाला जोडता, कोणाला जोडत नाही आणि का. वारकऱ्याच्या पाया पडणाऱ्याच्या पायाशी तो वारकरीही वाकतो. ज्याने हात जोडले त्याला हातच जोडले जातात. ही परस्परता असेल तेथेच नमस्कार पूर्ण होतो. वरून अंगठा आणि खालून जोडलेले हात, हा व्यवहार जोवर चालू आहे, तोवर त्या छोट्या आकृतीत सर्वजण समान झाले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.